वीकेंडला फुटली शिंगं!

जिम, मॉल, मल्टिप्लेक्स या सगळ्याचा कंटाळा आलाय? मग म्हशीचं एक शिंग घरी आणा! कच्च्या शिंगातून सुरीची देखणी मूठ घडवण्याचा हा हटके छंद वन बीएचकेमध्येही जमतो. अट एकच, घाई चालणार नाही.

'वीकेंडला काय केलंस?' सोमवारी सकाळी हा प्रश्न कुठल्याच ऑफिसात चुकत नाही. कुणी माळशेजला भिजून आलेलं असतं, कुणी सिरीजचे दहा भाग एका बैठकीत संपवलेले असतात. माझं उत्तर ऐकून मात्र समोरचा कॉफीचा कप खाली ठेवतो.

'शिंग उकळलं.'

'कुणाचं?'

'म्हशीचं.'

यानंतर एक तर गप्पा तिथेच संपतात, नाहीतर अर्धा तास चालतात. हा लेख त्या अर्ध्या तासवाल्यांसाठी.

मी राहतो तुळिंजला. नालासोपारा पूर्वेला उतरलात की रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत जो रस्ता पकडता, तोच आमचा तुळिंज रोड. घर वन बीएचके, माणसं चार आणि बाल्कनी चार बाय सहाची. त्यातही अर्ध्या भागात वॉशिंग मशीन आणि कपड्यांची दोरी. उरलेला अर्धा भाग म्हणजे माझं वर्कशॉप. सांगायचा मुद्दा काय, की 'जागा नाही हो' ही सबब इथे चालत नाही!

नख, केस आणि शिंग

शिंग म्हणजे हाड, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. गाय, म्हैस, बकरी, गवा यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो खरा, पण त्याच्यावर टोपीसारखं जे कवच बसलेलं असतं ते केराटिनचं. आपली नखं आणि केस ज्याचे बनलेत तेच हे केराटिन. मूठ बनते ती या कवचातून. बुडाकडे ते पोकळ असतं आणि टोकाकडे भरीव होत जातं.

या कवचाची खरी गंमत अशी, की गरम केलं की ते मऊ पडतं आणि दाबून थंड केलं की नवा आकार धरून बसतं. थोडक्यात, प्लॅस्टिकचा खापरपणजोबाच म्हणा ना! प्लॅस्टिक यायच्या आधी कंगवे, बटणं, चष्म्याच्या फ्रेम, दारूगोळ्याची शिंगं हे सगळं यातूनच घडायचं. युरोपात तर शिंगाचे पातळ, पारदर्शक पत्रे काढून कंदिलाला काचेऐवजी लावत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड आलं आणि शिंगाचे दिवस फिरले. लंडनमध्ये शिंगकाम करणाऱ्यांचा एक जुना संघ आहे. त्यानं १९४३ मध्ये चक्क प्लॅस्टिक उद्योगालाच आपल्यात सामावून घेतलं. ज्यानं पोटावर पाय दिला, त्यालाच घरजावई करून घेतलं म्हणायचं!

पण शिंग संपलं असं समजू नका. जपानी शेफच्या महागड्या सुऱ्या पाहिल्यात? लाकडी मुठीला पात्याजवळ जो काळा, चकचकीत कडा असतो, तो बऱ्याचदा म्हशीच्या शिंगाचा असतो. फ्रान्समधल्या लाग्योल चाकूंच्या मुठींतही शिंग मानाचं. आणि आपण? आपण प्लॅस्टिकची मूठ तुटली की आख्खी सुरी कचऱ्यात टाकतो.

विजयदुर्गची गोष्ट

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. त्यामुळे विजयदुर्ग म्हटलं की मला आधी किल्ला आठवतो, मग आंबे. पण ब्रिटिशांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये विजयदुर्गची आणखी एक ओळख नोंदवलेली आहे. तिथे गव्याच्या शिंगापासून शोभेच्या वस्तू बनायच्या. म्हणजे ज्या कामासाठी मी परदेशी व्हिडिओ बघत रात्री जागवल्या, ते काम आमच्याच खाडीकाठी पूर्वी होत होतं.

आज त्या कामाचा कच्चा मालच कायद्याच्या पलीकडे गेलाय, आणि ते योग्यच आहे. गवा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याचं शिंग विकणं, विकत घेणं हा गुन्हा. देशात शिंगकामाची जी नावं आज घेतली जातात, ती दूरची. उत्तर प्रदेशातलं संभल आणि ओडिशातलं पारलाखेमुंडी. तिथे काम चालतं ते प्रामुख्यानं म्हशीच्या शिंगावर.

माझं पहिलं शिंगही संभलहूनच आलं. कुरिअरवाल्यानं खोका हातात देताना विचारलं, 'साहेब, यात काय आहे? फारच विचित्र आकार लागतोय हाताला.' मी सांगितलं आणि त्यानं सहीसुद्धा दोन पावलं मागे सरकून घेतली.

आधी कायदा, मग कानस

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. शिंग घ्यायचं ते म्हशीचंच आणि घ्यायचं ते बिलासकट. गायींबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. म्हशीवर तशी सरसकट बंदी नाही. पण तुमच्या पिशवीतलं काळं शिंग कुणाचं आहे हे लोकलमधल्या गर्दीला कसं कळणार? बिलावर 'म्हशीचं शिंग' असं स्वच्छ लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मी शिंग कधीच उघड्या पिशवीतून नेत नाही. हल्ली वातावरण असं आहे, की लोक प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ठरवून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट सांबर आणि चितळाच्या शिंगांची. ही शिंगं हाडाची असतात आणि ठरावीक काळानं गळून पडतात. त्यामुळे 'जंगलात पडलेलं होतं, उचललं' असं सांगून कुणीतरी ती विकायला आणतं. हात लावू नका. गळून पडलेलं असलं तरी ते तुमच्या मालकीचं होत नाही.

तिसरी गोष्ट तब्येतीची. कच्चं शिंग, हाडं, कातडी यांतून अँथ्रॅक्स होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून आतला गाभा काढलेलं, स्वच्छ धुतलेलं शिंगच खात्रीच्या विक्रेत्याकडून मागवा. कुठे पडलेलं उचलून आणायचं नाही. तसंही गाभा असलेलं शिंग पाण्यात आठवडे-दोन आठवडे भिजवावं लागतं आणि त्याचा वास असा असतो, की सोसायटीची स्पेशल जनरल मीटिंग बोलवावी लागेल!

म्हैस कोणती?

हा प्रश्न मी विचारला तेव्हा बायको हसून हसून बेजार झाली. पण प्रश्न महत्त्वाचा आहे. मुऱ्हा जातीच्या म्हशीची शिंगं छोटी आणि जिलेबीसारखी वळलेली. त्यातून सुरीची सरळ मूठ काढणं म्हणजे डोक्याला शॉट. सुरती म्हशीची शिंगं विळ्यासारखी, ती बरी. जाफराबादीची जाड आणि खाली झुकलेली. आणि आपली पंढरपुरी? तिची शिंगं म्हणजे तलवारीच! लांबलचक, मागे खांद्यापर्यंत गेलेली. मूठवाल्यांच्या दृष्टीनं पंढरपुरी म्हैस म्हणजे सुपरमॉडेल.

बाल्कनीतलं वर्कशॉप

आता कामाला लागू. सामान फार नाही. हॅकसॉ, दोन कानशी (एक खरखरीत, एक बारीक), हँडड्रिल, छोटी बेंच व्हाइस, तीन-चार सी-क्लॅम्प, लोखंडी पट्ट्यांचे दोन जाड तुकडे, पॉलिश पेपर आणि अराल्डाइट. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर एक चक्कर मारा, सगळं एका दुपारीत मिळतं. शिंग उकळायला एक जुना टोप वेगळा काढा. तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, म्हणजे नाही.

पहिलं काम वाट बघायचं. शिंग साबणानं धुवायचं, पुसायचं, बुडाच्या कडांना मेण लावायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. शिंग पाणी पितं आणि सोडतं. कडा लवकर सुकल्या आणि मधला भाग ओला राहिला तर तडे जातात, म्हणून हे मेण. सुकलं की नाही हे कसं ओळखायचं? दर रविवारी वजन करा. लागोपाठ तीन-चार आठवडे काट्यावर तोच आकडा आला की समजा, गडी तयार आहे.

मग पोकळी कुठपर्यंत आहे ते बघायचं. आतून एक तार सरकवा, जिथे अडेल तिथे बोटानं खूण धरा आणि तेवढंच अंतर बाहेरून मोजून पेन्सिलनं रेघ मारा. ही रेघ म्हणजे शिंगाचा नकाशा. रेघेच्या पुढचं टोक भरीव, ते एका तुकड्याच्या गोल मुठीसाठी. रेघेच्या मागचा पोकळ भाग पट्ट्यांसाठी, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या चपट्या मुठीसाठी.

पोकळ भाग उभा चिरला की हातात येतात पन्हाळीसारखे वाकडे तुकडे. सहा-आठ मिलिमीटर जाडीचे असतील तर उत्तम. बाहेरची खडबडीत साल कानशीनं आधीच काढून टाका. आता टोपात पाणी उकळत ठेवा आणि तुकडे त्यात अर्धा-पाऊण तास राहू द्या. चिमट्यानं बाहेर काढलं की लगेच दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये ठेवून व्हाइसमध्ये आवळायचं. पण एका दमात नाही. थोडं आवळा, थांबा, पुन्हा थोडं आवळा. कुरकुर ऐकू आली तर सोडा, परत उकळा, परत आवळा. पूर्ण सपाट झालं की हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहू द्यायचं.

काही जण पाण्याऐवजी गरम तेल वापरतात. तेलात शिंग अधिक मऊ होतं हे खरं, पण दीडशे डिग्रीच्या आसपासचं तेल आणि बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, हे कॉम्बिनेशन फ्लॅटमध्ये नको. हीट गनचंही तेच. जास्त तापलं की शिंगाचे पापुद्रे सुटतात आणि केस जळाल्याचा वास सुटतो. केराटिनमध्ये गंधक असतं, हा त्याचा पराक्रम.

सपाट झालेली पट्टी लगेच वापरायची नाही. शिंगाची स्मरणशक्ती दांडगी असते. ते आपला जुना बाक विसरत नाही. पुन्हा गरम झालं की मूळच्या वळणावर जायला बघतं. म्हणून पट्ट्या दोन आठवडे क्लॅम्पमध्येच राहू देतो, मग काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून एक बाजू अगदी सपाट करतो. याच कारणासाठी शिंगाच्या मुठीची सुरी उकळत्या पाण्यात किंवा डिशवॉशरमध्ये कधीच घालायची नाही.

पुढचं काम कुणालाही आवडेल असं. पात्याच्या भोकांवर पट्ट्या धरून ड्रिल मारायचं, सावकाश, नाहीतर शिंग करपतं. पितळी सळईचे तुकडे खिळे म्हणून घालायचे, अराल्डाइट लावायचं. पाच मिनिटांत सुकणारं नको, संथ सुकणारं घ्या. दुसऱ्या दिवशी कानशीनं आकार द्यायचा आणि मग पॉलिश पेपर. ऐंशी नंबरपासून सुरुवात करून एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, सहाशे आणि शेवटी हजार-दोन हजार. पाणी लावून घासलं की धूळ उडत नाही. तरी एन-९५ मास्क हवाच. कोविडनंतर तो प्रत्येकाच्या घरात पडलेला असतोच, तो आता कामाला लावा. शेवटी मऊ कापडावर थोडं तेल घेऊन चोळायचं. आणि मग तो क्षण येतो. ज्याला तुम्ही नुसतं काळं समजत होतात त्याच्या आत करडे, मधाळ, कधी पांढरे ढग दिसायला लागतात. पॉलिशच्या कुठल्याही डब्यात हा रंग मिळत नाही, बॉस!

पावसाळा नावाचा बॉस

या छंदात डेडलाइन तुम्ही ठरवत नाही, हवा ठरवते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल थांबल्या, ते आठवत असेल. त्या मोसमातली आमच्याकडची हवा म्हणजे अंगावर ओला टॉवेल. अशा हवेत शिंग फुगतं, मार्चच्या उन्हात आकसतं. पावसाळ्यात पात्याला अगदी गच्च बसवलेली पट्टी उन्हाळ्यात आकसून कडेनं सुटू शकते. म्हणून माझं वेळापत्रक ठरलेलं आहे. पावसाळ्यात फक्त घासकाम, दिवाळीनंतर चिकटवायचं काम. पट्ट्या हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. शिंग कुरतडणारे किडेही असतात, तेही डब्यामुळे लांब राहतात.

आमच्या क्षेत्रात प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, 'चार दिवसांचं काम दोन दिवसांत होईल ना?' शिंगाला असं विचारून बघा!

शेजारी काय म्हणतात?

फ्लॅटमध्ये हा छंद करायचा तर शेजाऱ्यांशी आधी बोला, मग शेगडी पेटवा. आमच्या शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी. मी त्यांना पहिल्याच दिवशी घरी बोलवून शिंग दाखवलं, बिल दाखवलं आणि उकळायचं काम फक्त शनिवारी दुपारी, त्या भजनाला जातात तेव्हा करायचं असं ठरवून टाकलं. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त शिंगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'आमच्या गावच्या म्हशीची अशीच होती रे.'

पुढची गंमत ऐका. शिंगाची धूळ हे झकास खत असतं. त्यात नत्राचं प्रमाण साधारण बारा-तेरा टक्के आणि ते हळूहळू मातीत सुटतं. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निरोप पाठवला, 'गुलाबाला चालेल, तुळशीला नको.' तेव्हापासून दर महिन्याला एक पुडी त्यांच्या गुलाबाला जाते. तुळस शाकाहारीच आहे.

आजीची सुरी

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचाराल तर उत्तर आजी. ती गावाहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत गावच्या लोहारानं केलेली एक सुरी होती. पातं काळं पडलेलं, पण धार अशी की टोमॅटोवर नुसती टेकवावी. मूठ मात्र लाकडाची, कुजून हलायला लागलेली. आयुष्यभर आजीनं आडाळ्यावर बसून चिरलं. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे खाली बसणं बंद. ओट्याशी उभं राहून चिरायचं तर संधिवातानं बोटं वळत नाहीत. बाजारातल्या सुऱ्यांच्या मुठी बारीक आणि गुळगुळीत, तिच्या हातातून निसटायच्या. 'माका ह्या धरूक जमणा नाय,' असं म्हणून तिनं हळूहळू चिरणंच सोडलं. मग स्वयंपाकघरात येणंही कमी झालं.

बोटं नीट मिटत नसतील तर जाड मूठ धरायला सोपी जाते, हा साधा हिशेब आहे. तिच्या सुरीच्या पात्याला मागे निमुळतं शेपूट होतं, म्हणून भरीव टोक वापरलं. आजीला ओल्या कणकेचा गोळा मुठीत धरायला सांगितला आणि तिच्या बोटांचे जे ठसे उठले तेवढीच जाडी, तोच उतार शिंगाला दिला. पूर्वी तलवारीची मूठ पात्यावर लाखेनं बसवत, मी अराल्डाइटनं बसवली. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून सुरी तिच्यासमोर ठेवली.

तिनं ती उचलली, उलटसुलट केली, कांदा मागितला. अर्धा कांदा चिरून झाल्यावर म्हणाली, 'आता हातात बराबर बसता.' तेवढंच. कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही. पण गेल्या सहा महिन्यांत सकाळची भाजी आजीच चिरते. चिरताना आईच्या हातचं मीठ कमी-जास्त कसं होतं, हेही रोज सांगते. आई म्हणते, मूठ जरा कमी चांगली बसवली असतीस तर बरं झालं असतं!

हे लक्षात ठेवा

* शिंग म्हशीचं, स्वच्छ केलेलं आणि बिलासकट घ्या. बिलाचा फोटो जवळ ठेवा.
* गवा, सांबर, चितळ यांचं शिंग भेट म्हणूनही घेऊ नका.
* वजन स्थिर होईपर्यंत करवत हातात घेऊ नका.
* पाण्यात उकळा, हळूहळू आवळा, क्लॅम्पमध्येच थंड होऊ द्या.
* धूळ नाकात जाऊ देऊ नका. ओलं घासा, मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.
* तयार सुरी हातानं धुवा, लगेच पुसा, महिन्यातून एकदा मुठीला तेल लावा.

पहिल्या मुठीला मला सुकवण्यापासून तेल चोळण्यापर्यंत साडेतीन महिने लागले. तेवढ्या वेळात दुकानातून शंभर सुऱ्या आणता येतात, हे मलाही कळतं. पण शंभरातली एकही आजीच्या हाताच्या मापाची नसती.

ऑफिसात आता माझ्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरशेजारी एक चहाचं गाळणं, एक दाढीचा ब्रश आणि दोन सुऱ्या आहेत. सगळ्यांच्या मुठी गेलेल्या, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आई-वडिलांच्या. टीममधल्या एकीनं ब्रश देताना विचारलं, 'शुक्रवारपर्यंत होईल?' मी तिला कॅलेंडर उघडून नोव्हेंबर दाखवला. ती म्हणाली, चालेल.